गिऱ्हाइकाच्या खिशातला पगार

अमेरिकेच्या 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही पक्षांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झाले, त्यांतली एक होती वेटरला मिळणाऱ्या टिपवरचा कर. 9 जून रोजी लास वेगासच्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी तो कर काढून टाकण्याचे आश्वासन दिले. दोन महिन्यांनी त्याच शहरात कमला हॅरिस यांनीही तसेच आश्वासन दिले. पुढे 4 जुलै 2025 रोजी ट्रम्प यांच्या सहीने कायदा झाला आणि 2025 ते 2028 या चार वर्षांसाठी वर्षाला 25 हजार डॉलरपर्यंतची टिप केंद्रीय प्राप्तिकरासाठी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत मिळाली. वेटर, बारटेंडर, न्हावी, हॉटेलातले हमाल, टॅक्सीवाले अशा सुमारे 40 लाख कामगारांसाठी सरकारने काहीतरी केले, असे त्यामुळे वाटू लागले.

या सगळ्या गाजावाज्यात एक आकडा फारसा कोणी उच्चारला नाही. तो आहे ताशी 2 डॉलर 13 सेंट. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचे केंद्रीय किमान वेतन एवढेच आहे आणि 1991 पासून ते एका सेंटनेही वाढलेले नाही. रुपयांत सांगायचे तर तासाला जेमतेम दोनशे. त्या वर्षी जन्मलेली मुले आज पस्तिशीकडे झुकली आहेत आणि त्यांतली कित्येक याच दराने टेबले पुसत आहेत. 1991 चे 2.13 डॉलर आजच्या भावाने मोजले तर पाच डॉलरच्या आसपास जातात. म्हणजे आकडा जागच्या जागी ठेवून कायद्याने या कामगारांचा पगार निम्म्याहून अधिक कापला आहे. टिप मिळते म्हणून पगार कापण्याची मालकाला दिलेली ही मुभाच रद्द झाली पाहिजे. करसवलतीने तिला हातही लावलेला नाही.

ही मुभा कशी चालते ते नीट पाहिले पाहिजे, कारण तिचा अन्याय तपशिलात आहे. अमेरिकेत सर्वसाधारण केंद्रीय किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे. तेही जुलै 2009 नंतर वाढलेले नाही. 1938 साली किमान वेतनाचा कायदा झाल्यापासून इतका दीर्घ काळ ते कधीच गोठले नव्हते. ज्या कामगाराला महिन्याला 30 डॉलरहून जास्त टिप नेहमी मिळते, तो कायद्याच्या लेखी टिपवाला कामगार. त्याच्या 7.25 डॉलरपैकी मालकाने 2.13 द्यायचे आणि उरलेले 5.12 डॉलर गिऱ्हाइकाच्या टिपमधून आले असे धरायचे. याला म्हणतात टिप क्रेडिट. टिप कमी पडली तर तूट मालकाने भरून द्यावी, असेही कायदा सांगतो. पण हिशोब तासाचा किंवा दिवसाचा होत नाही, आठवड्याचा होतो. मंगळवारी दुपारी हॉटेल ओस पडले, चार तासांत दोन टेबले आली, तरी शनिवारी रात्रीच्या गर्दीतली टिप त्या दुपारवर पसरली जाते आणि आठवड्याची सरासरी 7.25 ला टेकली की मालक मोकळा. मंदीचा फटका कामगाराने सोसायचा आणि तेजीच्या दिवशी त्याच्याच टिपेने मालकाची भरपाई करायची.

चाळीस तासांच्या आठवड्याला मालकाच्या खिशातून 85 डॉलर 20 सेंट जातात. तूट भरून मागणे ज्याच्या हातात आहे तो वेटर ती मागत नाही, कारण मागणाऱ्याला पुढच्या आठवड्यात शनिवारची पाळी मिळत नाही. केंद्रीय श्रम खात्याने 2010 ते 2012 या काळात सुमारे नऊ हजार रेस्टॉरंटे तपासली, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ 84 टक्के ठिकाणी वेतनाचा कुठला ना कुठला नियम मोडलेला आढळला. ज्या नियमांपैकी कुठला ना कुठला शंभरांत चौऱ्याऐंशी जण मोडतात, ते नियम मुळातच पाळले जाण्याजोगे बनवलेले नाहीत, असेच म्हणावे लागते.

टेक्सास, जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, इंडियाना, व्हर्जिनिया अशा राज्यांत हा 2.13 चा दर आजही जसाच्या तसा चालतो. तिथल्या एखाद्या साध्या साखळी रेस्टॉरंटमध्ये रात्री दहानंतर काय चालते ते पाहावे. शेवटचे गिऱ्हाईक गेलेले असते. वेटर मुली मागच्या टेबलावर बसून उद्यासाठी काटे, सुऱ्या, चमचे कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळत असतात. एकेकीला शंभर-शंभर गुंडाळ्या करायच्या असतात. मग केचपच्या बाटल्या भरायच्या, मीठ-मिरीच्या डब्या पुसायच्या, आइस्ड टीचे पिंप घासायचे, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायच्या. या कामाला त्या साइडवर्क म्हणतात. या वेळात टिप देणारे कोणी समोर नसते, तरी दर तोच, 2.13. अशा कामाला किती वेळ लावता येईल यावर बायडन सरकारच्या श्रम खात्याने 2021 मध्ये मर्यादा घातली होती. रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये अपील कोर्टाने ती मर्यादा उडवून लावली.

पाळी संपली की टिप-आउट. दिवसभरात आपल्या टेबलांवर जितकी विक्री झाली, तिच्या ठरलेल्या टक्क्याने वेटरने बारटेंडरला, टेबले आवरणाऱ्या बसरला, दारात स्वागत करणाऱ्या मुलीला आपल्या टिपमधून वाटा द्यायचा असतो. हा वाटा अनेक ठिकाणी विक्रीवर ठरतो, मिळालेल्या टिपवर ठरत नाही. दोनशे डॉलरचे जेवण करून एखादी मंडळी एक पैही न ठेवता उठली, तर त्या टेबलाचा टिप-आउट वेटरला इतर टेबलांच्या कमाईतून द्यावा लागतो. म्हणजे त्या मंडळींची सेवा तिने पदरमोड करून केलेली असते. आणि पगाराच्या दिवशी अनेकींच्या हाती शून्य डॉलर शून्य सेंट लिहिलेली चिठ्ठी पडते, कारण नोंदलेल्या टिपवरची कपात या 2.13 च्या पगारातूनच होते आणि ती झाल्यावर तिथे काही उरत नाही. पूर्ण आठवडा उभ्याने काम करून मालकाकडून शून्याची चिठ्ठी घेणे, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात कायदेशीर आहे.

हे असे का झाले, याचे उत्तर यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत आहे. टिपची रीत श्रीमंत अमेरिकन प्रवाशांनी युरोपातून आणली आणि सुरुवातीला तिला कडाडून विरोध झाला. लोकशाही देशातल्या नागरिकाने दुसऱ्या नागरिकाला बक्षिशी देणे हे सरंजामी वृत्तीचे लक्षण आहे, असे तेव्हा उघडपणे म्हटले जाई. 1909 ते 1915 या काळात वॉशिंग्टनपासून जॉर्जियापर्यंत सात राज्यांनी टिपविरोधी कायदे केले. 1926 पर्यंत ते सगळे मोडीत निघाले. रीत टिकली ती मालकांच्या सोयीची होती म्हणून. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना कामावर ठेवायचे, पण त्यांच्या श्रमाची किंमत स्वतः द्यायची नाही, असा मार्ग तिने उघडून दिला.

पुलमन कंपनीने हा मार्ग सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरला. 1867 मध्ये निघालेल्या या कंपनीने रेल्वेच्या शयनयानांसाठी दक्षिणेतले मुक्त झालेले गुलाम पोर्टर म्हणून भरती केले. बिछाने घालणे, बूट चमकवणे, सामान वाहणे, रात्रभर जागे राहणे, हे सारे त्यांनी करायचे. पूर्ण पगारासाठी महिन्याला 400 तास किंवा 11 हजार मैल भरावे लागत आणि तो पगार इतका तुटपुंजा की घर चालायचे ते प्रवाशांच्या टिपवर. प्रवासी प्रत्येक पोर्टरला कंपनीच्या मालकाच्या नावाने, ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारीत. माणसाचे स्वतःचे नावही त्या डब्यात चालत नसे. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट लिंकन 1897 ते 1911 या काळात याच कंपनीचे अध्यक्ष होते. बापाने ज्यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यांच्याच मुलानातवांच्या श्रमाचा मोबदला प्रवाशांच्या मर्जीवर सोपवून लेकाने कंपनी चालवली. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात याहून बोचरी गोष्ट शोधावी लागेल.

त्या पोर्टरांनी मात्र हे निमूट सोसले नाही. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली 1925 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षे झगडून, ऑगस्ट 1937 मध्ये, तिने पुलमन कंपनीशी करार केला. कामाचे तास घटले, पगार वाढला. मालकाने नीट पगार द्यावा ही मागणी कृष्णवर्णीय कामगारांनी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी वाटाघाटीच्या टेबलावर जिंकलेली आहे, हे आज कोणाच्या ध्यानात नसते.

पुढच्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, पण रेस्टॉरंट आणि हॉटेलांतले बहुतेक कामगार, शेतमजूर आणि घरकामगार त्याच्या बाहेर ठेवले गेले. म्हणजे ज्या कामांत कृष्णवर्णीय आणि स्त्रिया अधिक, नेमकी तीच कामे वगळली. 1966 मध्ये रेस्टॉरंट कामगारांना कायद्याच्या आत घेतले ते टिप क्रेडिटची अट घालूनच. त्या वेळी निदान निम्मे वेतन मालकाने द्यायचे होते. 1991 मध्ये सर्वसाधारण किमान वेतन 4.25 डॉलर आणि टिपवाल्यांचे 2.13 डॉलर होते, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धे. 1996 मध्ये क्लिंटन यांच्या काळात किमान वेतन वाढवणारा कायदा झाला, तेव्हा रेस्टॉरंट उद्योगाच्या आग्रहावरून या दोहोंची सांगड तोडली गेली. किमान वेतन वाढत गेले, 2.13 तिथेच राहिले. आज ते प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आले आहे. डेमोक्रॅटिक अध्यक्षाची सही आणि रिपब्लिकन काँग्रेसची मते यांनी मिळून हे घडवले. दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

टिपच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की त्यामुळे सेवा चांगली मिळते. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी कित्येक दशके टिपचा अभ्यास केला आहे. सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांचा संबंध अगदी क्षीण असतो, हा त्यांचा निष्कर्ष. टिप ठरते ती बिलाच्या रकमेवर, गिऱ्हाइकाच्या सवयीवर आणि वेटर दिसतो कसा, हसतो कसा, यावर. त्यांच्याच एका अभ्यासात कृष्णवर्णीय वेटरांना गोऱ्या वेटरांपेक्षा कमी टिप मिळत असल्याचे दिसले. कारखान्याच्या मालकाने कातडीचा रंग पाहून पगार ठरवला तर अमेरिकेत खटला उभा राहतो. रेस्टॉरंटमध्ये तेच काम गिऱ्हाईक करते, त्यावर खटला भरता येत नाही, आणि मालकाच्या हाती मात्र त्याचा फायदा पडतो.

टिपवाल्या कामगारांत दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. खांद्यावर हात टाकणारे, फोन नंबर मागणारे, घाणेरडे विनोद करणारे गिऱ्हाईक समोर असते, तेव्हा घरभाडे त्याच्याच हातून यायचे आहे हे त्या मुलीला ठाऊक असते. ती हसते. ते हसणे संमतीचे नसते, भाडे भरण्याचे असते. मालकही गिऱ्हाइकाला आवरत नाही, कारण ते गिऱ्हाईकच त्याचा पगारखर्च उचलते. या उद्योगातून लैंगिक छळाच्या तक्रारी इतक्या मोठ्या संख्येने येतात त्याचे मूळ या मिंधेपणात आहे. ज्याच्या खिशातून पगार येतो त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून पगार कोणाच्या खिशातून यावा हा प्रश्न स्त्रीच्या प्रतिष्ठेचाही आहे.

याला पर्याय नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही, कारण पर्याय अमेरिकेतच उभा आहे. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, माँटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. तिथे वेटरला राज्याचे पूर्ण किमान वेतन मालक देतो आणि टिप त्याच्यावर मिळते. सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, मिनीअ‍ॅपोलिस या शहरांत रेस्टॉरंटे ओस पडलेली नाहीत आणि लोकांनी टिप देणेही सोडलेले नाही. ज्या लास वेगासमधून करमाफीची घोषणा दोघांनी केली, ते शहर नेवाडात आहे. तिथल्या वेटरला जुलै 2024 पासून ताशी 12 डॉलर पगार मिळतो, टिप वेगळी. त्या वेटरांसमोर उभे राहून टिपचा प्रश्न मांडणाऱ्यांनी डॅलस किंवा अटलांटाच्या वेटरलाही तेवढेच मिळावे, असे एक वाक्य बोलायला हवे होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हा फरक रोज शिवतो, बहुतेकांच्या नकळत. एकाच घरातला एक भाऊ फ्रीमाँटला, बहीण एडिसनला आणि चुलतभाऊ डॅलसजवळच्या प्लेनोला, असे चित्र आता सर्रास दिसते. तिघेही बिलावर सवयीने अठरा-वीस टक्के लिहितात. 2025 चे राज्यांचे दर घेतले तर कॅलिफोर्नियातल्या भावाची टिप ताशी 16.50 डॉलर पगाराच्या वर पडते, न्यू जर्सीतल्या बहिणीची 5.62 च्या वर आणि टेक्सासमधल्या चुलतभावाची 2.13 च्या वर. पहिल्या ठिकाणी टिप खरोखर खुशीची असते. तिसऱ्या ठिकाणी तो वेटरचा पगारच असतो. भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आईवडील जेव्हा ‘जेवणाचे पैसे दिले, वर हे कशाला?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना चिक्कू ठरवण्यापेक्षा हे गणित समजावून सांगावे. त्यांचा प्रश्न रास्त आहे. तो मालकाला विचारला गेला पाहिजे.

मग हे बदलत का नाही? लोकांना नको आहे म्हणून, असे म्हणता येत नाही. वॉशिंग्टन डीसीच्या मतदारांनी 2018 मध्ये टिप क्रेडिट रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. नगर परिषदेने काही महिन्यांत तो कौलच रद्द केला. 2022 मध्ये मतदारांनी अधिक मोठ्या बहुमताने तोच कौल पुन्हा दिला. 2025 मध्ये परिषदेने पुन्हा मध्ये पडून वाढीला लगाम घातला. मिशिगनमध्ये 2018 साली नागरिकांच्या सह्यांचा प्रस्ताव मतदानाला जाऊ नये म्हणून विधिमंडळाने तो आधी मंजूर केला आणि निवडणूक उलटताच कापून टाकला. सहा वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला, तरी 2025 मध्ये विधिमंडळाने पुन्हा कायदा बदलून टिपवाल्यांना 2031 पर्यंत जेमतेम निम्म्या वेतनापर्यंत नेण्याचे ठरवले. 2024 मध्ये अ‍ॅरिझोनात रेस्टॉरंटवाल्यांच्या पुढाकाराने टिपवाल्यांचे वेतन आणखी खाली ढकलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला. त्याच दिवशी ते राज्य ट्रम्प यांनी जिंकले. वेतनाच्या प्रश्नावर मतदार पक्षाच्या रेषा ओलांडतात. त्यांचे प्रतिनिधी ओलांडत नाहीत.

प्रतिनिधींना कोण थोपवून धरते हेही लपलेले नाही. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ही मालकांची संघटना दशकानुदशके वेतनवाढीविरुद्ध लढते आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी 2023 मध्ये उघडकीस आणले की या लढ्याला पैसा पुरवण्यात खुद्द कामगारांचाही हातभार लागतो. अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र अनेक राज्यांत सक्तीचे आहे आणि त्याच्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा धंदा याच संघटनेचा. लाखो वेटर आणि आचाऱ्यांनी नोकरीला लागताना सुमारे 15 डॉलर भरून तो छोटा अभ्यासक्रम केला आणि त्या उत्पन्नातून त्यांच्याच पगारवाढीला विरोध करणारी संघटना पोसली गेली. बातमी आल्यावर कॅलिफोर्नियाने हा खर्च मालकाने सोसावा असा कायदा केला. इतर राज्यांनी त्याचे अनुकरण करायला हरकत नव्हती.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे तेही मान्य केले पाहिजे. सर्वच वेटर या बदलाच्या बाजूने नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये असा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला आणि त्याच्या विरोधात प्रचार करणाऱ्यांत वेटर-बारटेंडर होतेच. बॉस्टनच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री काम करणारा अनुभवी बारटेंडर टिपवर चांगली कमाई करतो. पगार वाढला तर गिऱ्हाईक हात आखडेल, ही त्याची भीती खरी आहे. छोट्या रेस्टॉरंटचा नफा मुळात थोडा असतो, हेही खरे. पदार्थांचे भाव वाढतील, हेही काही अंशी खरे. डीसीत अनेक मालकांनी बिलावर सेवा शुल्क लावले आणि ते पैसे नेमके कोणाला जातात याचा गिऱ्हाइकांना पत्ता लागेना, तेव्हा लोक वैतागले.

पण किमान वेतनाचा कायदा शनिवार रात्रीच्या बारटेंडरसाठी नसतो. तो असतो आडगावच्या हायवेवरच्या डायनरमध्ये सकाळी सहाला अंडी-पॅनकेक वाढणाऱ्या पन्नाशीच्या बाईसाठी, जिच्या गिऱ्हाइकाचे बिल दहा डॉलर होते आणि टिप दीड डॉलर. सात राज्यांचा अनुभव सांगतो की पगार वाढल्यावर टिपचे प्रमाण थोडे उतरते, पण टिप संपत नाही. भाव वाढतील त्याबद्दल म्हणायचे तर पैसे आजही गिऱ्हाईकच देते. फरक इतकाच की मेन्यूवर लिहिलेला भाव सर्वांसाठी सारखा असतो आणि टिप कंजूष माणूस बुडवू शकतो. सेवा शुल्काचा गोंधळ टाळायचा तर ते कोणाला जाते हे बिलावर ठळक लिहिण्याची सक्ती करावी. गोंधळ आहे म्हणून 2.13 चालू ठेवा, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

एकेका मालकाच्या सदिच्छेवरही हे सोडता येणार नाही. न्यूयॉर्कचे नामवंत रेस्टॉरंटचालक डॅनी मायर यांनी 2015 पासून आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करून भाव वाढवण्याचा आणि त्यातून स्वयंपाकघरातल्यांनाही नीट पगार देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. कित्येक वेटर टिपवाल्या रेस्टॉरंटांकडे गेले, शेजारचा मेन्यू कागदावर स्वस्त दिसत राहिला आणि जुलै 2020 मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. सगळ्यांना एकच नियम लागू झाला तरच चांगल्या मालकाला चांगले वागणे परवडते. किमान वेतनाचा कायदा असतो तो यासाठीच.

आता त्या करसवलतीकडे वळू. येल विद्यापीठाच्या बजेट लॅबने हिशोब मांडला, त्यानुसार 2022 मध्ये टिपवाल्या कामगारांपैकी 37 टक्के लोकांचे उत्पन्न इतके कमी होते की त्यांना केंद्रीय प्राप्तिकर लागतच नव्हता. जो कर लागत नाही त्याच्या सवलतीतून काय मिळणार? सर्वांत गरीब तिसऱ्या हिश्श्याच्या तोंडाला या कायद्याने पाने पुसली आहेत. निवृत्तिवेतनासाठी आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठी टिपमधून होणारी कपात तशीच राहिली आहे. मागच्या मोरीत भांडी घासणाऱ्याला आणि तव्यापुढे उभ्या असलेल्या आचाऱ्याला सहसा टिप नसते, म्हणून सवलतही नाही. आणि ही सवलत 2028 ला संपते, 2.13 ला मात्र मुदत नाही. उलट एक धोका नव्याने उभा राहतो. टिपला करात मान मिळाला की मालक आणखी कामांचा पगार टिपकडे ढकलतील. कॉफीच्या काउंटरवर, बेकरीत, जिथे दोन हातांनी पाकीट पुढे सरकवण्यापलीकडे काही घडत नाही अशा ठिकाणीही आज गिऱ्हाइकापुढे स्क्रीन फिरवून वीस टक्के मागितले जातात. गिऱ्हाईक चिडते ते काउंटरमागच्या पोरावर. पगार चुकवणारा मालक त्या रागाच्या टप्प्यात येतच नाही.

काय करायला हवे हे स्पष्ट आहे आणि त्याचा मसुदाही काँग्रेसपुढे येऊन गेला आहे. 2019 मध्ये प्रतिनिधिगृहाने किमान वेतन टप्प्याटप्प्याने 15 डॉलरवर नेणारे आणि टिपवाल्यांचे वेगळे वेतन संपवणारे विधेयक मंजूर केले होते. सिनेटने ते मतदानाला घेतलेच नाही. मार्च 2021 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी 15 डॉलरची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती 42 विरुद्ध 58 मतांनी पडली आणि विरोधात मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक गोटातले आठ जण होते. ज्या आठ जणांनी तेव्हा हात आखडला आणि ज्या रिपब्लिकन पक्षाने ते विधेयक सिनेटमध्ये कधी पुढे येऊच दिले नाही, त्या दोघांनाही पुढच्या प्रत्येक प्रचारसभेत एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे: 2.13 कधी जाणार? करसवलतीचे उत्तर या प्रश्नाला चालणार नाही.

आणि तोवर रेस्टॉरंटमध्ये जाणाऱ्यांनी, त्यांत आपले मराठी बांधवही आले, एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही पद्धत अन्यायाची आहे म्हणून निषेधादाखल टिप न देणे हा निषेध होत नाही. तो फटका थेट वाढणाऱ्या बाईच्या पोटावर बसतो, मालकाचे काही बिघडत नाही. टिप पूर्ण द्यावी, जमल्यास रोख द्यावी आणि ज्याला मताचा अधिकार आहे त्याने आपल्या राज्यात टिपवाल्यांचे वेतन किती आहे ते पाहून आपल्या आमदाराला पत्र लिहावे. कामाचा पगार देणे ही काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे. अमेरिकेने तिच्यातून एका उद्योगाला पिढ्यान् पिढ्या सूट दिली. आता ती सूट मागे घेतलीच पाहिजे.